नानांच्या कागदातले सिंह

आमच्या घरी कागद आला की तो उघडायचा मान माझा होता. पत्राला आमच्याकडे कागदच म्हणायचे. पोस्टमन परड्याच्या कुडाला सायकल टेकवायचा आणि तिथूनच हाळी द्यायचा, "शाले, कागूद!" वर नाव माझ्या वडिलांचं, दादांचं असायचं, पण तो दादांच्या हातात देण्यात काही अर्थ नव्हता. दादांना अक्षर येत नव्हतं, आईला येत नव्हतं, काकीला तर पेन्सिल धरायची कशी हेही माहीत नव्हतं. मी नववीत होते. कृष्णाकाठच्या त्या घरात लिहिता-वाचता येणारी दोनच माणसं होती. एक मी आणि दुसरे कागद लिहिणारे नाना, माझे धाकटे चुलते, जे मिलिटरीत होते. पुढे मी सांगलीला वसतिगृहात राहून बी.ए. झाले. आमच्या भावकीत माझ्या आधी कुणी पुरुषही झाला नव्हता. मग मिरजेत एका दवाखान्याच्या ऑफिसात एकतीस वर्षं लोकांचे कागद लावले आणि एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही. हे मी अभिमानानं सांगते. पण आज लिहायला बसले आहे ते एका वेगळ्याच कागदाबद्दल.

त्या काळी नानांची पलटण आफ्रिकेत गेली होती. तिथं काही तंटा चालला होता आणि तो शांत ठेवायला देशोदेशीची फौज मागवली होती, एवढंच आम्हाला कळलेलं. आफ्रिका कुठं आहे हे गावात फक्त मला माहीत होतं, कारण हायस्कुलातल्या नकाशावर मी तिच्यावर बोट ठेवून आले होते. घरी आल्यावर चुलीपुढच्या राखेत मी तिचा आकार काढून दाखवला. काकी पीठ मळता मळता थांबली आणि म्हणाली, "ही तर बैलाच्या मुंडक्यावानी दिसती गं." मग त्या राखेवर तिनं पाय पडू दिला नाही. सकाळी मात्र आईनं ती झाडून काढली.

काकीबद्दल आधी सांगायला हवं. तिचं नाव हौसा. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि संसार झाला होता तीन रजांचा. माझ्यापेक्षा फार तर आठ-नऊ वर्षांनी मोठी असेल. पहाटे तिच्या ताक घुसळण्याच्या आवाजानं मला जाग यायची. रवीचा तो घुमारा, मागं मोटेचा कुरकुराट, आणि दादा बैलांना गाणं म्हणत मोट मागं सारायचे ते. शाळेला जाताना ती माझ्या फडक्यात शाळूची भाकरी बांधायची, तिच्यावर लाल चटणी, चटणीत खळगा करून तेल. माझी वेणी घालताना केस इतके घट्ट ओढायची की डोळ्यांत पाणी यायचं, आणि म्हणायची, "शिकणारणीची येणी सुटाय नगं." मला शाळेत ठेवायचं की नाही यावर दादा आणि आई बोलायचे तेव्हा माझ्या बाजूनं बोलणारी तीच एकटी होती. त्यात तिचा स्वार्थ होता असं ती हसून सांगायची. मी शाळा सोडली असती तर तिचे कागद कुणी वाचले असते?

आफ्रिकेतून पहिला कागद आला तेव्हा आमचं गुऱ्हाळ चालू होतं. चुलवाणाभोवती भावकीतली पंधरावीस माणसं बसलेली, काहिलीत रस उकळतोय, पोरं उसाच्या कांड्यावर काकवी घेऊन चाटतायत. दादा म्हणाले, "वाच गं शाले, समद्यांनी आयकू द्या." मी वाचलं. तीर्थस्वरूप दादांचे चरणी साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. बोटीवर पोट बिघडले होते, आता बरे आहे. इथली माती आपल्या डोंगराकडच्या मातीसारखी तांबडी आहे. इथल्या बायका पाण्याची भांडी डोक्यावरून नेतात, हात लावत नाहीत. इथले लोक भुईमुगाच्या शेंगा उकडून खातात, मला एकाने ओंजळभर दिल्या, मला घरची आठवण झाली. येथे पाऊस फार. बैल कसे आहेत.

मी कागद खाली घेतला. शेजारचे तुकाराम आण्णा, ज्यांच्या जिभेला गावात कुणी आवर घातला नव्हता, ते तंबाखू थुंकून म्हणाले, "शेंगा खायाला समिंदर वलांडला व्हय? आरं, शेंगा माझ्या परड्यात व्हत्या की!" सगळे हसले. दादाही हसले. काकी खोपीच्या दारात पदर दाताखाली धरून उभी होती. तिचा चेहरा असा पडला की मला तो बघवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा की. अजून हाय."

आणि कोऱ्या मागच्या बाजूवर डोळे ठेवून मी एक हत्ती वाचला.

हा हत्ती माझा नव्हता. हायस्कुलात मराठीच्या सरांच्या कपाटात एक पुस्तक होतं. त्याचं कव्हर गेलेलं, पहिली सोळा पानं गेलेली, त्यामुळे नाव काय, लिहिलं कुणी, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि नंतर वाचनालयांतून शोधूनही कळलं नाही. भाषांतर होतं एवढं नक्की. आफ्रिकेच्या रानात एका पोराचा बाप तापानं मरतो, सोबतची माणसं पांगतात आणि तेरा वर्षांचा तो पोरगा एकटा समुद्राकडे चालत सुटतो. नद्या ओलांडतो, गोरखचिंचेच्या ढोलीत झोपतो, सुसरीच्या तोंडून पाय सोडवून घेतो, आणि समुद्र दिसतो तेव्हा त्याला मिसरूड फुटलेलं असतं. मी ते पुस्तक सात वेळा वाचलं होतं. मला त्या पोराशी लग्नबिग्न करायचं नव्हतं. मला तो पोरगा व्हायचं होतं. आज आठवतं तेव्हा एक गोष्ट फार खुपते. त्या पुस्तकात जनावरांना स्वभाव होते, नद्यांना नावं होती, आणि तिथल्या माणसांना मात्र दोन्ही नव्हतं. माझ्या नानांनी एका कागदात ओंजळभर शेंगा देणारा माणूस लिहिला होता आणि मी त्याच्यावर हत्ती घातला.

हत्तीनंतर गुऱ्हाळात कुणी हसलं नाही. आण्णांनी तंबाखूची चिमूट हातातच ठेवली. "मंग? मंग फुडं काय झालं?" काकीनं दातांखालचा पदर सोडला. त्या दिवशी भाकरी वाढताना तिनं माझ्या ताटात लोण्याचा गोळा ठेवला आणि म्हणाली, "किती चांगलं लिवत्यात, न्हाई?" मी म्हणाले, "व्हय."

मग कागद महिन्या-दीड महिन्यानं यायचे आणि माझी तयारी शाळेच्या वाटेवर चालायची. पुस्तकातलं कुठलं पान आता नानांना द्यायचं ते मी ठरवून ठेवायची. नदी दिली, ढोली दिली, सुसर दिली. त्या पोराच्या जागी नाना, तेरा वर्षांच्या जागी तीस वर्षं, चाकूच्या जागी रायफल. माणसं वाढत गेली. पलीकडच्या आळीतल्या बायकासुद्धा सूप घेऊन धान्य पाखडायच्या निमित्तानं आमच्या अंगणात येऊन बसायला लागल्या. खरे कागद तसेच होते. खुशाल आहे, पाऊस आहे, बैल कसे आहेत. ते मी भरभर म्हणून टाकायची, जशी आरतीतली न समजणारी ओळ आपण रेटतो, आणि मग श्वास घेऊन रानात शिरायची. उत्तर लिहायचं तेही मीच. दादा सांगायचे, "त्याला म्हणावं, सिंव्हापासनं जपून ऱ्हा." मी लिहायची, तब्येतीस जपून राहावे. दोन्ही बाजूंची वेस माझ्या हातात होती.

सिंह तिसऱ्या का चौथ्या कागदात आला. पाणवठ्यावर नाना आणि सिंह समोरासमोर, मध्ये वीस पावलं, आणि दोघंही पाणी पिऊन आपापल्या वाटेनं जातात. पुस्तकातलं ते सगळ्यात चांगलं पान होतं आणि मी ते चांगलंच वाचलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांनी काकीला आधी पाणी भरू दिलं. "सरा गं, सिंव्हाची बायकू आली." ती लाजली, हंडा कमरेवर घेऊन ताठ चालत घरी आली. आणि त्याच दिवसापासून तिनं गूळ सोडला. नाना धडपणी घरी येईपर्यंत गोड तोंडात घालणार नाही, असं देवीपुढं बोलून आली. गुऱ्हाळवाल्याच्या घरात हे! पुढच्या हंगामात ती सगळ्या पोरांना काकवी वाटत होती आणि बोटाला लागलेली पदराला पुसत होती. मी समोर बसून चाटत होते. तेव्हा घशाखाली उतरली कशी, हे मला आज सांगता येत नाही.

प्रत्येक वाचनानंतर माणसं गेली की काकी चुलीपाशी मला हळूच विचारायची, "आन यायाचं काय लिवलंय का?" एवढाच तिचा प्रश्न. सिंहाचं तिनं एकटीनं कधी काही विचारलं नाही. मी म्हणायची, "न्हाई गं काकी, अजून न्हाई." ते खरंच असायचं. त्या सगळ्या खोट्यात तेवढं एक मी खरं सांगत होते.

नंतर तो कागद आला. दोन बाजू भरलेला, नेहमीपेक्षा बारीक अक्षर. दुपार उतरली होती, अंगण आधीच भरलं होतं, कारण पोस्टमन येता येताच बोंब मारत आला होता. मी उघडला, वरचं वाचलं, सुसरीपेक्षा मोठा अजगर काढायचं ठरवून आले होते तो काढला, आणि अजगर सांगता सांगता डोळे खाली गेले. कागदाच्या तळाशी रेघ मारली होती आणि रेघेखाली माझं नाव होतं.

"शालन, ह्या ओळी काकीला एकटीला वाचून दाखव. दुसऱ्या कुणास नको. इथं मी कोठारात ब्लँकेटं मोजतो. रान लांबून दिसतं. माझ्या बरोबरचा एक कऱ्हाडकडचा होता तो गेला, तेव्हापासून झोप नाही. मुदत संपत आली. साहेब म्हणतात पुढची सही कर, बढती देतो. तू म्हणशील तर करत नाही, घरी येतो, दादाच्या हाताखाली मोट धरीन. हो की नाही तेवढं शालनकडून लिहून धाड. तू नाही कळवलंस तर मी सही करीन."

माझा आवाज मध्येच थांबला असावा, कारण आण्णा म्हणाले, "गिळला का काय अजगरानं पोरीला?" अंगण हसलं. मी पुढं रेटलं. अजगर मारला.

माणसं उठली. काकी चुलीत काटक्या सारत होती. धुरानं डोळे चोळत तिनं विचारलं, "आन यायाचं काय लिवलंय का?"

कागद माझ्या परकराच्या खोच्यात होता. मी म्हणाले, "न्हाई."

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या ओळीत ब्लँकेटं होती, ती वाचली असती तर मी उघडी पडले असते म्हणून वाचलं नाही. हे अर्धंच आहे. ब्लँकेटं गाळून पुढचं वाचता आलं असतं. गाळण्यात माझा हात कुणी धरला नसता. खरं असं की नाना घरी आले असते तर अंगण संपलं असतं. मोट धरणाऱ्या नानांपुढं बसून सिंह कोण ऐकणार? हायस्कुलात मी मागच्या बाकावर बसणारी, फडक्यात भाकरी आणणारी कुणब्याची पोर होते. त्या अंगणात मी होते तशी मी पुढे कुठंही झाले नाही, पदवी घेतली त्या दिवशीसुद्धा नाही. मला ते सोडवलं नाही. उद्या वाचू, परवा वाचू, असं मनाशी म्हणत राहिले.

तिसऱ्या दिवशी उत्तर लिहायला बसलो. आमच्यात रीत अशी की आधी दादा सांगणार, आणि शेवटच्या दोन ओळी दादा पान खायच्या निमित्तानं बाहेर गेले की काकी सांगणार. दारात उंबऱ्याच्या आत बसून, माझ्याकडे न बघता, जमिनीकडे बघत. तिला त्या दिवशी बोलायला वेळ लागला. मी टाक दौतीत बुडवून थांबले होते. तेव्हा जरी बोलले असते, "काकी, त्यांनी इचारलंय," तरी झालं असतं. तिनं सांगितलं, "लिव. तुमी तिकडं वाघसिंव्हाच्या तोंडात उभं ऱ्हाताय. हितं आमाला लय मान हाय. आमची काळजी करू नगा. माजी तर मुळीच नगा. सरकारचं काम पुरं करून या."

मी वाघसिंह गाळले. बाकीचं शब्दाला शब्द लिहिलं. त्या दोन वर्षांत तिचं सांगणं इतक्या इमानदारीनं मी कधीच उतरवलं नव्हतं. काळजी करू नका. सरकारचं काम पुरं करून या. जिभेनं पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकून आले.

पुढचा कागद चारच ओळींचा होता. सही केली आहे. खुशाल आहे. बैल कसे आहेत. रेघेखाली काही नव्हतं. मी त्या दिवशी वाचायला काही काढू शकले नाही. आण्णा म्हणाले, "सिंव्ह दमलं वाटतं," आणि अंगण हळूहळू रिकामं झालं ते झालंच.

नाना रजेवर आले तेव्हा मी अकरावीत होते. दादा बैलगाडी घेऊन स्टेशनवर गेले होते. नाना वाळले होते, कानशिलावर केस पांढरे झाले होते, आणि चहा पिताना कपाला दोन्ही हात लावायचे. काकीनं त्यांच्या पायावर पाणी घातलं आणि आत गेली. माणसं जमायला वेळ लागला नाही. आण्णांनी तर अजून त्यांना टेकूही दिलं नव्हतं, "हां नाना, आता तुमच्या तोंडानं हूं द्या. त्यो सिंव्ह!"

नाना म्हणाले, "कुठला सिंव्ह?"

"आवं, पाण्यावरचा! तुमी हिकडनं, त्यो तिकडनं. शालीनं तर समदं जसंच्या तसं वाचलं की!"

नानांनी दादांकडे बघितलं. मग दाराआड काकीच्या बांगड्या वाजल्या तिकडे बघितलं. शेवटी माझ्याकडे. मी खांबाला पाठ लावून उभी होते. नानांनी कप खाली ठेवला.

"व्हय, व्हता की," ते म्हणाले. "लांबनं बघितला."

"लांबनं? आवं, शालीनं तर तुमच्या मांडीवर आणून बशीवला व्हता!"

"लिवताना माणूस जरा वाढवतंय, आण्णा," नाना म्हणाले, आणि सगळे हसले. नानाही हसले. दाराआडून काकीही हसल्याचं मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानात भाकरी घेऊन मी निघाले तर नाना म्हणाले, मी बी येतो. आम्ही पाटाच्या कडेनं चाललो. ऊस दोन्हीकडून डोक्याच्या वर गेला होता, वाट अरुंद होती. ते पुढं, मी मागं. मग पाठमोरेच म्हणाले, "सिंव्हाचं ऱ्हाऊ दे, शाले. पोरपण असतंय. मला राग न्हाई."

मी डोक्यावरची पाटी सावरली.

"फकस्त एक सांग. त्या खालच्या वळी वाचल्या व्हत्यास न्हवं तिला?"

ते थांबले आणि वळले. डोळ्यांत राग नव्हता, खरंच नव्हता. मी 'न्हाई' म्हणाले असते तर काय झालं असतं, ते माझ्या पायांनी हजार वेळा त्या पाटावर जाऊन पाहिलं आहे. एक थोबाडीत बसली असती कदाचित. मग ते ऊस तुडवत काकीकडे धावत गेले असते. पण मी दहावीत पहिली आले होते, गावात माझं नाव होतं, आणि हे माणूस मला आत्ताच माफ करून चुकलं होतं. त्या माफीवर दुसरी माफी मागायचं माझ्यानं झालं नाही.

"व्हय नाना," मी म्हणाले. "वाचल्या."

"मंग? काय म्हणाली?"

"काय न्हाई म्हणाली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मान हलवली, दोनदा. माझ्या डोक्यावरची पाटी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि चालायला लागले. थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "कितवीत गं तू आता?" मी सांगितलं. "शीक," ते म्हणाले. "तुला शिकाया कमी पडू देत न्हाई." आणि पडू दिलंही नाही. मला सांगलीला पाठवण्यासाठी दादांशी भांडले ते नाना. त्यांनी आणखी एक सही केली, मग आणखी एक. पेन्शन घेऊन आले तेव्हा पन्नाशीला टेकले होते. दोघं कधी भांडली नाहीत. एका घरात राहणारी दोन चांगली माणसं जशी एकमेकांना वाट देतात तशी राहिली. आता दोघंही नाहीत. मी दोघांपैकी एकालाही सांगितलं नाही, आणि सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं.

त्या सकाळी रानात पोचलो तेव्हा काकी भांगलत होती. आम्हाला बघून उठली, खुरपं टाकलं, मातीचे हात लुगड्याला पुसले, पदर सारखा केला. बांधावर तिनं स्वतःच्या शेजारची जागा हातानं झाडून ठेवली. नानांनी पाटी उतरवली, आपली भाकरी आणि कांदा उचलला, आणि बैलांकडे जाऊन येतो म्हणून पलीकडच्या बांधावर जाऊन बसले. पाठ आमच्याकडे.

काकी त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग माझ्याजवळ बसली, भाकरी मोडली आणि खालच्या आवाजात विचारलं, "काय बोलत व्हतं गं वाटनं?"

"काय न्हाई," मी म्हणाले. "कितवीत हाईस म्हणून इचारलं."